व्यासपीठावरचा शब्द : आर्चबिशप रोमेरो यांच्या प्रवचनांचे एक वाचन

हुतात्म्यांच्या वाट्याला एक विचित्र उपेक्षा येते. त्यांचा मृत्यू लोकांच्या लक्षात राहतो, त्यांची चित्रे भिंतीवर लागतात, त्यांच्या नावाने सभागृहे उभी राहतात. पण ते जे बोलले आणि ज्यापायी त्यांना मरावे लागले, ते वाचण्याची निकड फारशी कोणास वाटत नाही. सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो यांच्या बाबतीत असेच घडले आहे. २४ मार्च १९८० रोजी वेदीजवळ त्यांना गोळी घालण्यात आली आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र १९७७ ते १९८० या तीन वर्षांत त्यांनी रविवारच्या रविवारी केलेली प्रवचने ध्वनिफितींवरून उतरवून सहा खंडांत प्रसिद्ध झालेली आहेत, याचा उल्लेख क्वचितच कानी पडतो.

संतचरित्र सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. रोमेरो यांची प्रवचने आणि पाळकीय पत्रे यांकडे वाङ्मय म्हणून पाहावे, त्यांची घडण तपासावी, त्यांचे गुण व दोष दोन्ही नोंदवावेत, एवढाच आमचा उद्देश आहे. समाज पेटलेला असताना धर्मनेत्याने धैर्य दाखवावे, असे आपण सहज म्हणतो. पण ते धैर्य ओळखायचे कशावरून? आवाज चढला म्हणजे धैर्य आले, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. रोमेरो यांची प्रवचने सलग वाचल्यावर आमचे मत असे झाले आहे की, त्यांचे धैर्य प्रामुख्याने त्यांच्या विधानांच्या अचूकपणात आहे. नाव, गाव, दिवस आणि कृत्य सांगणारे वाक्य उच्चारण्यास जी छाती लागते, ती अन्यायाविरुद्ध सर्वसाधारण गर्जना करण्यास लागत नाही.

देश आणि माणूस

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतील एक चिमुकला देश. कॉफीच्या मळ्यांवर त्याची संपत्ती उभी राहिली आणि ती मूठभर कुटुंबांच्या हाती एकवटली. १९३२ साली भूमिहीन शेतकऱ्यांचा उठाव लष्कराने चिरडला, तेव्हा हजारो माणसे मारली गेली. त्यानंतर सत्ता प्रायः लष्कराच्याच हातात राहिली. सत्तरच्या दशकात शेतमजूर पुन्हा संघटित होऊ लागले आणि त्यांच्यासोबत काम करणारे धर्मगुरू व धर्मशिक्षक सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागले.

रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी सियुदाद बार्रियोस या गावी झाला. काही काळ त्यांनी सुतारकामाचे धडे घेतले. पुढे सेमिनरी, रोममधील शिक्षण, ४ एप्रिल १९४२ रोजी तेथेच गुरुदीक्षा, मायदेशी परतल्यावर सान मिगेल येथे वीस वर्षांहून अधिक सेवा, १९७० मध्ये सान साल्वादोरचे सहायक बिशप, १९७४ मध्ये सान्तियागो दे मारिया धर्मप्रांताचे बिशप, असा त्यांचा प्रवास आहे. त्यांनी धर्मप्रांतीय वृत्तपत्रांचे संपादनही केले होते. स्वभावाने ते संकोची, वृत्तीने परंपरानिष्ठ. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यांनी आर्चबिशपपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा गरिबांत काम करणारे धर्मगुरू खट्टू झाले आणि धनिक वर्ग निश्चिंत झाला.

तीन आठवड्यांच्या आत, १२ मार्च १९७७ रोजी, येशूसंघीय धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे यांची मिस्सेला जात असताना रस्त्यावर हत्या झाली. त्यांच्यासोबत मान्वेल सोलोर्सानो हे वृद्ध गृहस्थ आणि नेल्सन रुतिलियो लेमुस हा कोवळा मुलगा असे दोघेही मारले गेले. ग्रांदे हे रोमेरो यांचे स्नेही. १९७० च्या बिशपदीक्षेच्या वेळी विधिसंचालक म्हणून तेच उभे होते. पुढच्या रविवारी, २० मार्च रोजी, रोमेरो यांनी आर्चधर्मप्रांतातील इतर सर्व मिस्सा रद्द करून कॅथीड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पोपमहोदयांच्या राजदूतांना हे मान्य नव्हते. तरीही ती मिस्सा झाली आणि चौक माणसांनी फुलून गेला. हत्येची चौकशी होत नाही तोवर शासकीय समारंभांना आपण जाणार नाही, असेही त्यांनी जाहीर केले आणि ते अखेरपर्यंत पाळले.

एका रात्रीतील परिवर्तन?

बहुतेक चरित्रकथा आणि १९८९ साली निघालेला ‘रोमेरो’ हा चित्रपट या प्रसंगाभोवती गुंफलेले आहेत. भित्रा, पुस्तकी बिशप मित्राच्या मृतदेहापाशी रात्र काढतो आणि सकाळी सिंह होऊन उठतो, अशी ही मांडणी. नाट्याच्या दृष्टीने ती सोयीची आहे, दमास्कसच्या वाटेवरील संत पौलाची आठवण करून देणारी आहे. पण संहितेचा पुरावा पाहता ती अपुरी आहे.

२१ जून १९७५ रोजी, म्हणजे ग्रांदे यांच्या हत्येच्या पावणेदोन वर्षे आधी, रोमेरो यांच्याच धर्मप्रांतात त्रेस कायेस या वस्तीवर राष्ट्रीय गार्डच्या जवानांनी शेतकऱ्यांची हत्या केली होती. रोमेरो त्या कुटुंबांच्या भेटीला गेले, त्यांचे सांत्वन केले आणि राष्ट्राध्यक्षांना निषेधाचे पत्र लिहिले. ते पत्र मात्र खाजगी होते. तेव्हा १९७५ मध्ये रोमेरो यांना दुःख झाले नव्हते किंवा अन्याय दिसला नव्हता, असे म्हणता येणार नाही. करुणा होती, निषेधही होता. फरक पडला तो शब्द कोणाला उद्देशून आणि कोणाच्या देखत उच्चारायचा, या निर्णयात. १९७५ चे पत्र सत्ताधीशाच्या टेबलावर गेले आणि तिथेच निमाले. १९७७ नंतर त्यांचा शब्द प्रथम मृतांच्या आप्तांच्या कानी पडू लागला आणि सत्ताधीशाला तो इतर सर्वांबरोबर ऐकावा लागला.

आमच्या मते रोमेरो यांच्या वाङ्मयाचा उगम या बदललेल्या संबोधनात आहे. आपल्यात घडलेला बदल हळूहळू उमलत गेला, असेच ते स्वतः सांगत. समीक्षकाने त्यांचे ऐकावे हे बरे. कारण एका रात्रीच्या चमत्काराची कथा वाचणाऱ्याला सुखावते आणि मोकळेही करते. तसा चमत्कार आपल्या आयुष्यात घडला नाही, म्हणून आपण गप्प आहोत, असे म्हणायला मग वाव राहतो.

प्रवचनाची घडण

आता प्रत्यक्ष प्रवचनांकडे वळू. त्यांची रचना जवळजवळ ठरलेली आहे. प्रथम त्या रविवारच्या तिन्ही वाचनांचे विवरण. त्यातून एक मध्यवर्ती विचार आणि त्याचे दोन-तीन पोटभाग, हे सेमिनरीत शिकविल्या जाणाऱ्या जुन्या शिस्तीला धरून. त्यानंतर आर्चधर्मप्रांताच्या घडामोडी : कोणत्या धर्मग्रामात सण झाला, कोणत्या सिस्टरांनी व्रतग्रहण केले, कोठून पत्र आले. आणि शेवटी त्या आठवड्यात देशात घडलेल्या घटना. कोणास पकडून नेले, कोण नाहीसा झाला, कोणाचे प्रेत कोठे सापडले, हे त्यांत नावांसह आणि तारखांसह येते. ही माहिती ऐकीव नसे. आर्चधर्मप्रांताच्या कायदेविषयक मदत कार्यालयात लोक येऊन आपल्या तक्रारी नोंदवीत आणि त्यांची छाननी होई. वृत्तपत्रे ज्या बातम्या छापत नसत, त्या बातम्या मिस्सेत वाचल्या जात. आर्चधर्मप्रांताचे ‘वायएसएएक्स’ हे रेडिओ केंद्र हे प्रवचन देशभर पोहोचवी. रविवारी सकाळी वस्तीतून चालत गेले तर घराघरांतील रेडिओंमुळे प्रवचनातील एक वाक्यही चुकत नसे, अशी आठवण अनेकांनी नोंदविली आहे. त्या केंद्रावर बॉम्बहल्ले झाले, हाच त्या शब्दाच्या परिणामाचा पुरावा.

तिसरा भाग हा राजकारणाचा आहे, तो प्रवचनाला जोडलेला ठिगळ आहे, असा आक्षेप त्यांच्या हयातीत घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आम्ही हा आक्षेप संहितेवर घासून पाहिला. काही प्रवचनांत तो खरा ठरतो : वाचनांचे विवरण एका वाटेने जाते आणि घटनांची यादी दुसऱ्या. परंतु उत्तम प्रवचनांत हे दोन्ही भाग एकमेकांस धरून आहेत. कायीन आणि आबेल यांची कथा ज्या धर्मग्रंथात आहे, त्या ग्रंथाचा वाचक मारल्या गेलेल्या भावाचे नाव विचारणारच. त्या दृष्टीने घटनांची यादी हा शास्त्रपाठाचाच पुढचा चरण ठरतो.

वाङ्मयीन दृष्ट्या ही यादी विशेष लक्षणीय आहे. तिच्यात उपमा नाहीत, विशेषणे थोडी आहेत. एकामागून एक नावे येतात. वाचताना प्रथम ती कोरडी वाटते. दहा रविवारांच्या याद्या वाचल्यावर मात्र ध्यानी येते की, आपल्या मिस्सेतही अशीच एक नामावळी आहे. वेदीवर आपण प्रेषितांची आणि आद्य हुतात्म्यांची नावे घेतो. रोमेरो यांनी शेतमजुरांची नावे त्याच मंदिरात, त्याच उपासनेत घेतली. ज्याचा मृत्यू सरकारदरबारी नोंदला जात नव्हता, त्याचा मृत्यू देवाच्या लोकांसमोर नोंदला गेला. शोकगीत लिहूनही हे साधले नसते.

मोजून बोलणे

अचूकपणाची कसोटी १९७८ साली लागली. ३० एप्रिलच्या प्रवचनात रोमेरो यांनी न्यायव्यवस्थेवर टीका केली. पैशाला विकल्या जाणाऱ्या न्यायाधीशांचा उल्लेख केला. सर्वोच्च न्यायालयाने जाहीरपणे त्यांना आव्हान दिले : नावे सांगा. हा सापळा होता. नावे दिली तर बदनामीचा खटला, न दिली तर खोटेपणाचा शिक्का.

१४ मे रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, रोमेरो यांनी दिलेले उत्तर हे वादविवादाच्या शास्त्राचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. व्यक्तींच्या नावांच्या वादात ते अडकले नाहीत. देशाच्या राज्यघटनेने नागरिकास दिलेले हक्क त्यांनी पुढे ठेवले : अटकेतील माणसास न्यायालयासमोर हजर करणे, संघटना बांधणे, संप करणे, मायदेशी राहणे. यांतील कोणता हक्क न्यायालयाने राखला, असा प्रश्न त्यांच्या उत्तरातून उभा राहिला. हरवलेल्यांच्या मातांचे अर्ज कोठे पडून आहेत, ही विचारणाही त्यात होती. आरोप मागे घेतला गेला नाही; उलट तो एका लाचखोर माणसावरून संपूर्ण संस्थेच्या मौनावर सरकला. खटला झाला नाही.

या उत्तरात राग आहे, पण तो वाक्यांना वाकवत नाही. सेमिनरीतील तर्कशास्त्राचे शिक्षण निरुपयोगी आहे, अशी तक्रार तरुण धर्मगुरूंकडून आम्ही अधूनमधून ऐकतो. त्यांनी हे प्रवचन अवश्य वाचावे.

प्रवचनांइतकीच त्यांची चार पाळकीय पत्रे महत्त्वाची आहेत. त्यांतील तिसरे पत्र ६ ऑगस्ट १९७८ रोजी, म्हणजे प्रभूच्या रूपांतराच्या सणी, बिशप आर्तुरो रिवेरा इ दामास यांच्या सहीसह निघाले. त्यात हिंसेचे प्रकार वेगवेगळे केलेले आहेत : व्यवस्थेतच मुरलेली हिंसा, राज्यसंस्थेची दडपशाही, बंडखोरांची हिंसा, अचानक उसळणारी हिंसा आणि स्वसंरक्षणासाठी केलेला प्रतिकार. सगळी हिंसा सारखीच वाईट, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. अन्यायाविरुद्धची हिंसा पवित्र, असे म्हणून टाळ्या घेणेही सोपे होते. पत्र या दोन्ही वाटा टाळते आणि अहिंसेचे बळ शेवटी अधोरेखित करते. शेतमजुरांना संघटना बांधण्याचा हक्क आहे हे ते सांगते; त्याचबरोबर ख्रिस्तसभा कोणत्याही संघटनेशी एकरूप होऊ शकत नाही, हेही स्पष्ट करते. ऑगस्ट १९७९ च्या चौथ्या पत्रात ही तुला अधिक नाजूक होते. संपत्ती आणि राष्ट्रीय सुरक्षा यांना देवाच्या जागी बसविणाऱ्यांवर टीका आहेच. पण स्वतःच्या संघटनेलाच परमसत्य मानणाऱ्या डाव्या कार्यकर्त्यांनाही तेथे मूर्तिपूजकच ठरविले आहे. ज्यांच्या बाजूने आपण उभे आहोत त्यांना त्यांचा दोष सांगणे, हे धैर्याचे अधिक अवघड रूप होय.

आगिलारेस आणि शेवटचा रविवार

सहा खंडांतील दोन प्रवचने आम्हांस सर्वांत मोलाची वाटतात.

पहिले १९ जून १९७७ चे, आगिलारेस येथील. ग्रांदे यांच्या या धर्मग्रामात मे महिन्यात लष्कर घुसले होते. चर्चचा कब्जा घेण्यात आला, पवित्र मंजूषा फोडण्यात आली, लोकांना मारहाण झाली. महिन्याभराने रोमेरो तेथे गेले. त्या दिवशी त्यांनी लोकांना धीर धरा, सर्व ठीक होईल, असे सांगितले नाही. छळ सोसलेले तुम्ही लोक हेच आज भाल्याने विद्ध झालेल्या ख्रिस्ताचे रूप आहात, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. नंतर पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघाली. समोर बंदुका रोखलेले सैनिक होते. मिरवणूक थबकली, तेव्हा मागून येणाऱ्या आर्चबिशपांनी पुढे चला म्हटले आणि ती पुढे गेली. येथे ख्रिस्तशरीर हा शब्द तीन अर्थांनी उभा राहतो : फोडलेल्या मंजूषेतील भाकर, मार खाल्लेला समाज आणि रस्त्यावर चालणारी ख्रिस्तसभा. ईशज्ञानाच्या वर्गात हे तीन अर्थ आपण तीन तासिकांना शिकतो. आगिलारेसमध्ये ते एका सकाळी एकत्र आले.

दुसरे प्रवचन २३ मार्च १९८० चे, प्रायश्चित्तकाळातील पाचव्या रविवारचे. महिनाभरापूर्वी, १७ फेब्रुवारी रोजी, रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहिलेले पत्र प्रवचनात वाचून दाखविले होते : साल्वादोरच्या लष्कराला मदत देऊ नका. दुसऱ्याच दिवशी रेडिओ केंद्राचे प्रक्षेपणयंत्र बॉम्बने उडविण्यात आले. अशा वातावरणात हे प्रवचन झाले. त्या दिवशीचे शुभवर्तमान व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचे, योहानाच्या आठव्या अध्यायातील. रोमेरो मनुष्याच्या प्रतिष्ठेवर बोलतात. धोंडे हाती घेतलेला जमाव आणि एकटी उभी असलेली स्त्री यांच्यामध्ये येशू कसा उभा राहतो, ते दाखवितात. मग नेहमीप्रमाणे आठवड्याच्या घटना येतात. यादी लांब आहे, मन सुन्न करणारी आहे.

आणि ती संपता संपता संबोधन बदलते. तीन वर्षे हा वक्ता पीडितांशी बोलत आला. आता तो बंदूकधाऱ्याशी बोलतो. तोही सेनापतीशी नव्हे. सैन्यातील, राष्ट्रीय गार्डमधील, पोलीस दलातील साध्या शिपायाशी. हा शिपाई शेतकऱ्याच्याच घरचा पोर. तू ज्यांना मारतो आहेस ते तुझेच भाऊ आहेत. मारण्याचा हुकूम आणि देवाची पाचवी आज्ञा समोरासमोर आल्या तर देवाची आज्ञा श्रेष्ठ. तिच्याविरुद्ध जाणारा हुकूम पाळण्यास कोणी बांधलेला नाही, असा युक्तिवाद येतो. शेवटी क्रियापदे चढत जातात. प्रथम विनवणी, मग याचना, आणि अखेर देवाच्या नावाने आज्ञा : दडपशाही थांबवा. छापील संहितेत ठिकठिकाणी टाळ्यांची नोंद आहे.

हे वाक्य पुष्कळदा सुटे उद्धृत केले जाते. सुटे काढले की ते घोषणेसारखे वाटते. प्रवचनात त्याच्या आधी जे तासाहून अधिक बोलले गेले आहे, त्यात त्याचे बळ आहे. धोंडे हाती घेतलेल्यांना येशूने त्यांच्याच विवेकाकडे वळविले होते. रोमेरो शिपायाच्या विवेकाला हाक घालतात, तेव्हा ते त्या दिवशीच्या शुभवर्तमानाचेच विवरण पूर्ण करीत असतात. येथे शास्त्रपाठ आणि वार्ता यांतील सीमारेषा पुसली गेली आहे. प्रवचन या वाङ्मयप्रकाराचे हे सर्वोच्च रूप आहे, असे आम्ही मानतो.

उणिवा आणि किंमत

गुणांबरोबर दोषही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही प्रवचने फार लांब आहेत. तास-दीड तास ही सामान्य गोष्ट. छापून आल्यावर त्यांतील पुनरुक्ती जाणवते. पोपमहोदयांच्या आणि लॅटिन अमेरिकन बिशपांच्या परिषदांच्या दस्तऐवजांचे उतारे इतके येतात की, मधूनमधून वक्त्याचा स्वतःचा सूर हरवतो. आधारावाचून आपण बोलत नाही, हे रोमवरही ठसविण्याची त्यांना गरज होती, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. तथापि वाचकाला दम लागतो, हे खरेच. ऑक्टोबर १९७९ मध्ये तरुण अधिकाऱ्यांनी सत्तापालट केला, तेव्हा रोमेरो यांनी नव्या शासनाला सावधपणे संधी देऊ केली आणि त्यासाठी जहाल संघटनांचा रोष ओढवून घेतला. त्या आठवड्यांतील प्रवचने चाचपडणारी आहेत. आम्हांस हा दोष वाटत नाही. परिस्थिती अस्पष्ट असताना स्पष्टतेचा आव न आणणे, हाही अचूकपणाच आहे.

त्यांच्या धैर्याची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत सहा धर्मगुरू मारले गेले. देशातील बिशपांत उघड फूट पडली. तिसऱ्या पाळकीय पत्रानंतर त्याच महिन्यात इतर बिशपांनी विरोधी निवेदन काढले. ख्रिस्तसभेची एकता जपणे हे बिशपाचे प्रथम कर्तव्य आहे, असे आपण शिकलो आहोत. मग रोमेरो त्यात चुकले काय? १९७८ ते १९८० या काळात ते ध्वनिमुद्रित करीत असलेली त्यांची दैनंदिनी ऐकवते की, हा प्रश्न त्यांना सतत छळत होता. बंधू-बिशपांच्या बैठकांनंतर त्यांचे मन जड होई. त्यांनी प्रश्न सोडविला असे आम्ही म्हणणार नाही. मेंढपाळांची एकता आणि कळपाची सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी कळप निवडला आणि एकतेच्या जखमेचे दुःख लपविले नाही, एवढे मात्र संहिता दाखवते.

शेवटच्या क्षणासंबंधी एक दुरुस्ती. २४ मार्च १९८० च्या सायंकाळी कर्करोगाच्या रुग्णांसाठी असलेल्या ईश्वरी कृपा रुग्णालयाच्या प्रार्थनालयात ते मिस्सा अर्पण करीत होते. त्याच आवारात ते राहत. चित्रपटात आणि अनेक चित्रांत ते चषक उंचावत असताना कोसळताना दाखविले आहेत. वस्तुस्थिती अशी की, गव्हाच्या दाण्यासंबंधीच्या शुभवर्तमानावरील प्रवचन त्यांनी संपविले आणि अर्पणविधी सुरू होण्याच्या वेळी गोळी लागली. चित्रकारांना चषकाचा मोह का पडतो, हे कळते. पण ज्याने शब्दासाठी जीव दिला, तो प्रवचनाच्या शेवटच्या वाक्यापाशी पडला, हे सत्य आम्हांस त्या चित्राहून अधिक बोलके वाटते. ३० मार्च रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी चौकात बॉम्बस्फोट व गोळीबार होऊन पुन्हा माणसे मेली. पुढील बारा वर्षांच्या यादवीत सुमारे ७५ हजार लोकांचा बळी गेला. जानेवारी १९९२ मध्ये शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली हत्येचा आदेश देणाऱ्याचे नाव जाहीर केले : माजी मेजर रोबेर्तो दाब्युसाँ. ज्याने आयुष्यभर नावे सांगितली, त्याच्या मारेकऱ्याचे नाव सांगायला जगाला तेरा वर्षे लागली.

आपल्यापुरते

आता एक प्रश्न उरतो : मराठी ख्रिस्ती वाचकाने हे वाचावे कशासाठी? आपला देश एल साल्वादोर नाही आणि उसनी वीरश्री कोणाच्या उपयोगाची नाही. परंतु आपल्याही वाङ्मयाचा उगम उपासनेच्या मेळाव्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर वाचण्यासाठी. लोकांच्या भाषेत, लोकांसमोर, लोकांसाठी उच्चारलेला शब्द हा आपला वारसा आहे. वसईत हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तो वारसा चालविला. जमीन आणि पाणी हे विषय धर्माच्या बाहेरचे नाहीत, हे त्यांनी शब्दाने आणि कृतीने मांडले. मध्य प्रदेशातील उदयनगर येथे भूमिहीनांत काम करताना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मारल्या गेलेल्या आणि २०१७ साली धन्य म्हणून घोषित झालेल्या सिस्टर राणी मारिया यांना तर व्यासपीठही नव्हते. त्यांचे जगणे हेच प्रवचन.

आपली रविवारची प्रवचने आज बहुधा सुरक्षित असतात. त्यांत गरिबांविषयी कळवळा असतो, पण एखाद्या गरिबाचे नाव नसते. अन्यायाचा निषेध असतो, पण तो कोठे, केव्हा, कोणावर झाला याचा पत्ता नसतो. अशी प्रवचने कोणास दुखवीत नाहीत, आणि ऐकणारा बाहेर पडताच ती विसरतो. रोमेरो यांचे खंड वाचून प्रत्येक धर्मगुरूने सरकारवर टीका करावी, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. त्यांच्याकडून घ्यायचा धडा अधिक साधा आणि अधिक कठीण आहे. शनिवारी रात्री प्रवचन लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर लोकांचे ऐकून घ्यावे. जे ऐकले त्याची शहानिशा करावी. आणि जे खरे ठरले, ते ज्याचे दुःख आहे त्याच्या देखत, त्याला समजेल अशा वाक्यात सांगावे.

हे सहा खंड मराठीत आणणे एका माणसाच्या आवाक्यातील काम नाही. पण त्यांतील निवडक दहा-बारा प्रवचने, निदान आगिलारेसचे, न्यायाधीशांना दिलेल्या उत्तराचे आणि शेवटच्या रविवारचे, चांगल्या मराठीत यावीत. आपल्या अनुवादकांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. संताची तसबीर आपल्याकडे आली आहे. त्याचे शब्द यायचे आहेत.